पिठाच्या हातांनी शिकलेली भाषा

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सॉफ्टवेअरमधलं माणूस माइकसमोर आलं की कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलणार, असं तुम्ही धरून चालला असाल. मी मात्र आज पिठाबद्दल बोलणार आहे.

माझी मुलगी कॅलिफोर्नियात ज्या प्राथमिक शाळेत जाते, तिथे काही विषय मँडरिन, म्हणजे चिनी भाषेतून शिकवतात. पहिले चार महिने ती त्या वर्गात तोंडच उघडत नव्हती. ऐकायची, लिहायची, पण बोलायची नाही. मग चिनी नववर्षाच्या आधी बाईंनी वर्गात ज्याओझ करायचं ठरवलं आणि आम्हा पालकांना मदतीला बोलावलं. ज्याओझ म्हणजे आपल्या करंजीच्या घाटाची, पण पाण्यात उकडलेली. सारण कोबी, गाजर आणि टोफूचं. कुणाला ॲलर्जी नको म्हणून शेंगदाणे वर्ज्य. मुलांच्या हाती प्लॅस्टिकच्या सुऱ्या, उकळतं पाणी फक्त मोठ्यांकडे.

बाई इंग्रजीचा एक शब्दही बोलल्या नाहीत. 'बाओ' म्हणायच्या आणि पारी मिटून दाखवायच्या. बाओ म्हणजे गुंडाळणं. दप्तराला म्हणतात शूबाओ, म्हणजे पुस्तकांचं बाओ. रोज पाठीवर असलेला शब्द मुलांना त्या दिवशी हातात सापडला.

चिनीत सूर बदलला की अर्थ बदलतो. पाण्यात उकडलेल्या ज्याओझला म्हणतात श्वेज्याओ. तोच शब्द दोन्ही अक्षरांवर सूर झटक्यात खाली आणून म्हटला, की अर्थ होतो झोपणं. एका मुलाने वाटी पुढे करून चक्क 'झोप' मागितली. सगळा वर्ग हसला, तोही हसला, आणि पुढच्या वेळी सूर बरोबर लागला.

माझ्या मुलीच्या पारीच्या कडा चिकटत नव्हत्या. कडेला पाण्याचं बोट लावावं लागतं आणि पाण्याची वाटी होती बाईंजवळ. तिने ती मागितली. चिनीतून. तिला बोलून दाखवायचं नव्हतं, पाणी हवं होतं.

हे आज इथे सांगण्याचं कारण आहे. सकाळी पहिलीच्या बाईंशी बोलले. आपल्या शाळेत आता बांधकामावरच्या मजुरांची मुलं येतात. घरी कुणी भोजपुरी बोलतं, कुणी कन्नड. मराठीच्या तासाला ती गप्प बसतात. हुशारी कमी म्हणून नाही, बोलायची गरजच पडत नाही म्हणून.

त्यांच्यासाठी महिन्यातून एक तास भेळ करू या. विस्तव नको, गॅस नको. निवड, सोल, किस, पिळ, कालव, वाढ. एका परातीत किती क्रियापदं! आणि 'मला अजून थोडी चिंच हवी' हे वाक्य फळ्यावर लिहून द्यावं लागणार नाही. मुलांच्या घरचा एखादा पदार्थही करू. त्याचं नाव ती आपल्याला शिकवतील.

वर्षभराचा खर्च आमची बॅच उचलेल, हे चहाच्या वेळी ठरलं आहे. गावात राहणाऱ्या तिघी वर्गावर मदतीला येणार आहेत. बाई, आम्हाला फक्त तुमचा एक तास हवा आहे.

चिनी लोक तांदळाच्या पिठाचे गोळे करतात, थांगयुआन. ते नाव 'थुआनयुआन'सारखं ऐकू येतं, म्हणजे आपली माणसं पुन्हा एकत्र येणं. म्हणून ते सणाला आवर्जून खातात. आपण आज एकत्र आलोच आहोत. आता परात काढू या.