माल गोळा होतोय, हे ओळखायचं कसं?

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न: 'चार्ट तर आडवाच दिसतोय, मग मोठे लोक माल गोळा करतायत हे कळणार कसं?' निफाडच्या माझ्या मामेभावाचाही हाच प्रश्न. त्याला उन्हाळ कांद्याचे पैसे एका शेअरमध्ये टाकायचेत.

त्याला मी लासलगावचंच उदाहरण दिलं. ट्रॅक्टरांची रांग लागली, आवक दुप्पट झाली, तर भाव पडायला हवा. नाही पडला, तर? एवढा माल कुणीतरी उचलतंय. आवकच नसताना भाव टिकला, तर त्यातून फारसं काही कळत नाही.

शेअरमध्ये आवकेच्या जागी व्हॉल्यूम बघा. समजा, शेअर 180 वरून घसरून चार महिने 100 ते 110 मध्ये अडकलाय. एकदा 100 जवळ प्रचंड व्हॉल्यूम झाला, तरी दिवस 104 वर बंद. पुढच्या वेळी 100 ला आला तेव्हा व्हॉल्यूम निम्माच. म्हणजे विकणारे संपत आलेत. रिचर्ड वायकॉफने शंभर वर्षांपूर्वी हेच सांगितलं: व्हॉल्यूम ही मेहनत, भावाची हालचाल हे तिचं फळ. दोन्ही जुळत नसतील, तर थांबून बघायचं.

पण मोठ्या तेजीनंतरही चार्ट असाच आडवा होतो, आणि तिथे माल विकला जात असू शकतो. म्हणून 110 च्या वर, वाढत्या व्हॉल्यूमवर बंद होईपर्यंत मी हात लावत नाही. मामेभावाचा शेअर अजून तिथे पोचलेलाच नाही.

एनएसई रोज संध्याकाळी डिलिव्हरीचे आकडे देते, ते फुकट आहेत. 10 लाख शेअर फिरले आणि डिलिव्हरी 2 लाखांचीच, तर बाकी बहुतेक इंट्राडेचा खेळ. एकाच दिवशी डिलिव्हरी उसळली, तर आधी बल्क डीलची यादी तपासा. एका मोठ्याने दुसऱ्याला माल दिला, एवढंच असेल. आणि टेलिग्रामवर गाजणाऱ्या चिल्लर शेअरमध्ये हे काहीच चालत नाही, तिथे व्हॉल्यूमच बनवलेला असू शकतो.

शिवाय बाहेरून धक्का येतोच. 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यातबंदी लागू झाली आणि भाव कोसळले. माल धरून बसलेल्यांचं गणित एका रात्रीत फिरलं. म्हणून ब्रेकआउटनंतर घेतलेला शेअर परत 110 च्या खाली बंद झाला, की मी बाहेर.

डिलिव्हरीचे आकडे काढणारी पायथॉन स्क्रिप्ट पुढच्या भागात लिहू.