साथ शोधणाऱ्यांची नोकरी: माकडताप आणि अकरा महिन्यांचा करार

मागच्या भागानंतर एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला, "ताई, एपिडेमिओलॉजिस्ट म्हणजे त्वचेचा डॉक्टर ना? त्यात करिअर आहे का?"

नाही गं, त्वचेचा नाही. साथ कुठून आली, कुणाला होतेय, कुठे अडवता येईल, हे शोधायचं काम. मराठीत साथरोगतज्ज्ञ. माझी आजी सांगते, "आमची नात तापाचा हिशेब ठेवते." तसं बरोबरच आहे म्हणा.

माकडतापाचंच घ्या. १९५७ साली कर्नाटकात, शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली आणि आसपासची माणसंही तापानं पडली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरनं, म्हणजे आजच्या एनआयव्हीनं, विषाणू शोधला. तो पसरवणारी निघाली गोचीड. २०१६ मध्ये हाच ताप आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात आला. ऐन काजूच्या हंगामात. आता लोकांना काजू वेचायला जाऊ नका असं कसं सांगणार? वर्षाची कमाई असते ती.

अशा वेळी लॅबइतकंच महत्त्वाचं काम गावात चालतं. कुणीतरी घरोघर फिरून यादी करतं. ताप कधी आला, त्याआधीच्या आठवड्यात रानात गेला होतात का, मेलेलं माकड कुठे दिसलं. कुणीतरी पांढरं फडकं झुडपांवरून ओढतं आणि चिकटलेल्या गोचिडी मोजतं. मेलेलं माकड हा आगाऊ इशारा असतो. पण तो फोन येतो कुणाला? ज्याला गाव ओळखतं त्याला.

आणि तोच माणूस बहुतेक वेळा कंत्राटी असतो. माझंच सांगते. एम.पी.एच. केल्यावर अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिने. एका ठिकाणी तर पगार चार महिने अडकला होता. सोबतचे दोघं कंटाळून औषध कंपन्यांत डेटाच्या कामाला गेले. त्यांना मी नावं ठेवत नाही. पण त्यांच्याबरोबर गावोगावच्या ओळखीही गेल्या, आणि त्या कुठल्याच फाईलमध्ये नव्हत्या. नवीन आलेल्याला सगळं पहिल्यापासून. मला हे पगारापेक्षा जास्त खुपतं.

म्हणजे करिअर आहे का? आहे, पण सरळ जिना नाही. मुंबईत टिसमध्ये एम.पी.एच. होतं. चेन्नईला आयसीएमआरची राष्ट्रीय साथरोग संस्था आहे. डॉक्टर असाल तर दिल्लीच्या एनसीडीसीचा दोन वर्षांचा ईआयएस कार्यक्रम बघा, २०१२ पासून चालू आहे. फी भरण्याआधी 'आर' शिकून घ्या, फुकट मिळतं. एक्सेलमध्ये तीनशे ओळींची यादी साफ करताना जीव रमतो का, तेही बघा. नाही रमला तर आत्ताच कळलेलं बरं.

आणि कोकणातल्यांनो, मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, आरोग्य केंद्राला फोन करा.