अर्धांगवायूच्या रुग्णाची खिदमत
(पालक मेळाव्यातील भाषण)



आपल्या घरांत ज्याला लकवा किंवा फालिज म्हणतात, त्या अर्धांगवायूविषयी मी बोलणार आहे. शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. परंतु या आजारानंतर चालणे नुसत्या औषधाने येत नाही, ते पुन्हा शिकावे लागते. आणि शिकणे हा तर आपलाच विषय आहे.

मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते किंवा फुटते आणि मेंदूचा तेवढा भाग निकामी होतो. तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोलणे अडखळले, की त्याच घटकेला मोठा दवाखाना गाठावा. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि त्याआधी स्कॅन करावा लागतो. ते तास कबुतराचे रक्त चोळण्यात घालवू नयेत.

जीव वाचून रुग्ण घरी आला, की घरच्यांची कसोटी सुरू होते. आपल्याकडे आईवडिलांची खिदमत जीव ओतून होते. मुलगा घास भरवतो, सून पेला ओठांशी धरते, नातवंडे पाय चेपतात आणि अब्बाजान पलंगावर पडून. नियत पाक आहे, यात शंका नाही. पण लुळा हात महिनोन् महिने रिकामा राहतो, स्नायू आखडतात, खांदा धरतो, पाठीला जखमा होतात. मेंदूचा मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. उरलेले भाग त्याचे काम शिकून घेऊ शकतात, मात्र काम दिले तरच. पाटी शंभरदा गिरवल्याशिवाय अक्षर वळत नाही, तसेच हे.

न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात पेड्रो बाख-इ-रिटा नावाचे अध्यापक होते. १९५९ च्या सुमारास त्यांना अर्धांगवायू झाला. रुग्णालयाच्या उपचारांनी फारसा गुण आला नाही, तेव्हा वैद्यकाचा विद्यार्थी असलेला त्यांचा मुलगा जॉर्ज याने त्यांना आधी रांगायला शिकवले, मग उभे राहायला. लुळ्या हाताने भांडी घासायला लावली. म्हाताऱ्या बापाला रांगायला लावतो म्हणून शेजाऱ्यांनी नावे ठेवली. (आपल्या मोहल्ल्यात काय झाले असते, ते सांगायला नको!) वर्षभराने ते गृहस्थ पुन्हा शिकवू लागले. १९६५ मध्ये ते वारले, तेव्हा शवविच्छेदनात मेंदूची जबर इजा तशीच असलेली दिसली.

प्रत्येकाने रांगावे असे नव्हे, आणि प्रत्येक जण इतका बरा होतो असेही नव्हे. व्यायाम कोणता आणि किती, हे फिजिओथेरपिस्टने ठरवावे. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा वेगाने होते, म्हणून ते दवडू नयेत. पुढेही थांबू नये. लुळा हात धरून रुग्णाला ओढून उठवू नका, खांदा निखळतो. ज्याला अजून बसता येत नाही, त्याची कूस दर दोन तासांनी बदला. पेला त्याच्या हाताशी ठेवा. सांडला तर सांडू द्या. बसून किंवा इशाऱ्याने नमाज अदा करण्याची सवलत आजाऱ्याला आहेच, ती जरूर घ्यावी. पण मशिदीपर्यंत स्वतःच्या पायांनी जायचे, हे ध्येय मनात असले की व्यायामाचा कंटाळा कमी येतो.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५२ मध्ये भारतातील पहिले फिजिओथेरपी विद्यालय निघाले, आणि १९५५ मध्ये हाजीअलीजवळ अपंगांच्या पुनर्वसनाची केंद्र सरकारची संस्था सुरू झाली. परभणीतही २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेव्हा जिल्ह्यातच आधी चौकशी करावी.

आता मुलींच्या पालकांना एक विनंती. आपल्या कित्येक आयाबहिणी पुरुषाकडून व्यायाम करून घेण्यास संकोचतात आणि बिछान्यालाच खिळून राहतात. बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या मुलीला नीट परीक्षेतून फिजिओथेरपीच्या पदवीला जाता येते. हुशार मुलगी डॉक्टरकीला थोडक्यात हुकली, की दुसऱ्याच महिन्यात लग्नाची बोलणी सुरू होतात. त्याआधी या पदवीचा अर्ज भरून पाहा. अर्ज भरताना अडचण आली तर शाळेत या, आम्ही शिक्षक बसून भरून देऊ.