केसपेपरच्या खिडकीपाशी
(मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजक मला म्हणाले, ‘तू पस्तीस वर्षं नर्स होतीस, तेव्हा आरोग्यावर बोल.’ आपल्या वयाला आरोग्यावर वेगळं भाषण लागत नाही. सकाळपासून चहाच्या टेबलाशी गुडघे, साखर आणि मोतीबिंदू हे तीनच विषय चालू आहेत. म्हणून मी एका दवाखान्याची गोष्ट सांगणार आहे. तो इथून फार लांब, अमेरिकेत आहे. पण गोष्ट सुरू करायची तर आपल्या घाटातूनच करावी लागेल.

आपल्यातले निम्मे रेल्वे कॉलनीतले. कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लागतात तेव्हा गाडी घाट चढते, हे आपल्याला पाढ्यांच्या आधी ठाऊक होतं. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ. १ जानेवारी १८६५ ला कसारा ते इगतपुरी हा मार्ग सुरू झाला आणि आपलं गाव रेल्वेचं गाव झालं. त्या काळी सह्याद्रीतल्या घाटांच्या कामांवर हजारो मजूर राबले. सुरुंग लावताना, दरड कोसळून, तापाने, कॉलऱ्याने कितीतरी तिथेच गेले. आपण बोगदे मोजत मोठे झालो, पण ते खणणाऱ्यांची नावं आपल्या कुठल्याच धड्यात नव्हती.

नेमक्या त्याच वर्षांत अमेरिकेत सिएरा नेवाडा नावाच्या डोंगरातून रेल्वे चालली होती. बर्फात, कड्यावर काम करायला गोरे मजूर टिकेनात, म्हणून चिनी मजूर घेतले. दक्षिण चीनच्या खेड्यांतली ही शेतकऱ्यांची पोरं. पुढे त्या बाजूच्या कामावर दहातले आठ-नऊ जण चिनीच होते. १० मे १८६९ ला पूर्वेचे आणि पश्चिमेचे रूळ जुळले. काम संपलं आणि तेच लोक डोळ्यांत खुपायला लागले. १८८२ साली अमेरिकेने कायदाच केला, की चिनी मजुरांनी यापुढे देशात यायचं नाही. तो कायदा रद्द झाला १९४३ मध्ये.

हे सगळं मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. निवृत्तीनंतर लेकीच्या बाळंतपणासाठी मी सॅन फ्रान्सिस्कोला गेले, तिथे कळलं. नातू झाला, बारसं झालं, आणि महिन्याभराने मीच आजारी पडले. पित्ताशयाचं दुखणं. लेकीच्या कुशीत तान्हं बाळ आणि जावई परगावी, म्हणून एक रात्र मी तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात एकटी काढली.

उपचारात काही उणं नव्हतं. पण तिथली परिचारिका भराभर काहीतरी विचारायची आणि मी ‘येस, येस’ म्हणायचे. पस्तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेली बाई मी, पण कुठे दुखतंय, कसं दुखतंय, हे मला सांगता येईना. पोटात कळ येणं वेगळं, पोट मुरडणं वेगळं, आणि नुसतं जड वाटणं वेगळं. हे इंग्रजीत कसं सांगायचं? सकाळी पुढ्यात थंड पाव आला आणि मला घरच्या पेजेची इतकी आठवण आली, की डोळ्यांत पाणी आलं.

लेकीच्या घराजवळच्या बागेत एक चिनी आजी रोज बाकावर बसायच्या. आमची भाषा म्हणजे निम्मे हातवारे. बरी झाल्यावर त्यांना ही हकिगत सांगितली तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘आमच्या दवाखान्यात पेज मिळते.’ पुढच्या आठवड्यात मी लेकीला घेऊन तो दवाखाना बघायला गेले.

चायनाटाउनमध्ये जॅक्सन स्ट्रीटवर तो आहे. नाव साधंच, चायनीज हॉस्पिटल. मूळ रोपटं १८९९ चं, तुंग वा नावाचा एक छोटा दवाखाना. हे नाव हाँगकाँगच्या तुंग वा हॉस्पिटलवरून घेतलेलं. तेही चिनी लोकांनीच वर्गणीतून उभं केलेलं, १८७२ साली उघडलेलं. परदेशात मेलेल्या मजुरांच्या अस्थी गावी पोचवण्याचं कामही ते करत असे. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी माणूस आजारी पडला तर शहरातल्या बहुतेक दवाखान्यांची दारं त्याला बंद होती. तेव्हा त्यांनी आपलंच दार उघडलं. तिथे पाश्चात्त्य वैद्यक शिकलेले डॉक्टर होते आणि चिनी जडीबुटीचे वैद्यही.

पुढच्याच वर्षी, १९०० मध्ये, तिथे प्लेग आला. आता ही साथ आपल्या ओळखीची आहे. १८९४ साली ती हाँगकाँगमध्ये पसरली आणि १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत आली. तिथे ती ओळखली डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी. हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. सॅन फ्रान्सिस्कोत मात्र अधिकाऱ्यांनी चिनी वस्तीला दोर बांधून वेढा घातला आणि आतली गोऱ्यांची दुकानं वेढ्यातून वगळली. हाफकिनची लस टोचून घेतल्याशिवाय शहराबाहेर पडायचं नाही, अशी सक्ती फक्त आशियाई लोकांवर केली. चिनी माणसं कोर्टात गेली. कोर्टाने सांगितलं, रोग जात बघत नाही, तेव्हा एकाच समाजावर अशी सक्ती चालणार नाही. वेढाही उठवावा लागला.

मी नर्स आहे, लसीच्या बाजूची आहे. जन्मभर मी मुलांना लसी टोचल्या. पण मुंबईत सापडलेली तीच लस तिथे लोकांना विषासारखी वाटली, कारण ती विश्वासाच्या माणसाने आणली नव्हती. आपल्याकडे १८९७ साली पुण्यात दुसरं काय झालं? सोजीर घरात शिरले तेव्हा लोक रोगापेक्षा त्यांना घाबरले. आणि त्याच साली त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले आणि डॉ. यशवंतराव यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला. रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाई प्लेगने गेल्या. त्यांच्या दवाखान्याचं दार लोकांना आपलं वाटलं असणार, यात मला शंका नाही.

पुढे १९०६ च्या भूकंपात आणि आगीत तुंग वा दवाखाना गेला, सगळं चायनाटाउनच बेचिराख झालं. शहराचे पुढारी म्हणाले, ही वस्ती आता गावाबाहेर हलवू. चिनी लोक हलले नाहीत. त्याच जागी घरं बांधली, दवाखानाही पुन्हा थाटला. मग पंधरा संस्था एकत्र आल्या. कुणी गाववाल्यांचं मंडळ, कुणी व्यापाऱ्यांचा संघ. आपल्याकडे दोन मंडळांचा गणपती एक होत नाही, तिथे पंधरा मंडळांनी मिळून एक हॉस्पिटल बांधलं. १९२५ मध्ये ते उघडलं. १९४० साली ब्रूस ली तिथेच जन्मला, हे खास मागच्या बाकावरच्या मंडळींसाठी सांगते. २०१६ मध्ये नवी इमारत झाली आणि आजही ते चालू आहे.

आत गेल्यावर मी यंत्रं बघितली नाहीत. ती सगळीकडे सारखीच असतात. मी बघितलं ते नावनोंदणीच्या टेबलाशी. एक म्हातारे गृहस्थ आपल्या बोलीत सावकाश काहीतरी सांगत होते आणि टेबलापलीकडची मुलगी त्यांच्याच बोलीत उत्तर देत होती. त्यांना कुठलीच घाई दिसत नव्हती. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्यासाठी सगळी धडपड केली, ते मला त्या टेबलाशी दिसलं.

आणि तिथे उभी असताना मला एक बाई आठवल्या. आता जे सांगणार आहे ते मी आजवर घरीही सांगितलेलं नाही.

नोकरीतली माझी दहा-बारा वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. आपल्याच तालुक्यातल्या एका पाड्यावरचं जोडपं आमच्या दवाखान्यात आलं होतं. बाईंच्या पोटात गाठ होती. रांग मोठी होती, माझी पाळी संपत आली होती. मी एका दमात सांगून टाकलं, रक्त तपासा, खाली सोनोग्राफी, मंगळवारी रिपोर्ट घेऊन या, उपाशी या. त्या म्हणाल्या, ‘व्हय बाई.’ अगदी जसं मी पुढे ‘येस, येस’ म्हणाले तसंच. त्यांचं बोलणं ऐकूनच मला कळलं होतं, की ही आमच्याकडची माणसं. दोन मिनिटं बसून त्यांच्या बोलीत सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. मंगळवारी त्या आल्या नाहीत. त्यानंतरही आल्या नाहीत. कागदावर मी लिहिलं, ‘रुग्ण परत आला नाही.’ खरं म्हणजे ‘रुग्णाला कुणी समजावून सांगितलं नाही’ असं लिहायला हवं होतं.

आपल्या बॅचने शाळेसाठी निधी जमवला आहे आणि त्यातून प्रवेशद्वाराची कमान बांधायची आहे. कमान जरूर बांधा, माझीही वर्गणी त्यात आहे. माझं मागणं वेगळं आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. आपल्या तालुक्यातून आजही रोज माणसं नाशिकच्या मोठ्या दवाखान्यांत जातात. पहाटेची गाडी धरतात, हातात पिशवी आणि चुरगळलेला कागद. केसपेपर कुठे काढायचा, कुठल्या रांगेत उभं राहायचं, डॉक्टर काय म्हणाले, हे त्यांना सांगणारं कुणी नसतं. आपल्यातले बरेच जण आता निवृत्त आहेत. रेल्वेत होतात, फॉर्म भरता येतात. शिक्षक होतात, तर समजावून सांगणं हा तुमचा धंदाच होता. काही जणांना ठाकरी बोली येते, कुणाला कोकणी, काहींचं तर घरचंच बोलणं तेच आहे. दवाखान्याची परवानगी घेऊन आठवड्यातून एक सकाळ त्या खिडकीपाशी उभं राहायचं, एवढंच काम. इलाज डॉक्टर करतील. आपण फक्त माणूस हरवू द्यायचा नाही.

चिनी मजुरांकडे सत्ता नव्हती, मतदानाचा हक्क नव्हता, शहरात मान नव्हता. तरी त्यांनी आपल्या माणसांसाठी एक दार उघडं ठेवलं. आपल्याकडे पेन्शन आहे, वेळ आहे आणि रेल्वेचा पाससुद्धा आहे.

बाहेर नोंदणीच्या टेबलावर मी एक वही ठेवली आहे. त्यात वार लिहिलेत. मंगळवारापुढे माझं नाव घातलं आहे. बाकीचे वार अजून मोकळे आहेत.