चहा स्वस्त होता, तरी फेकला

(मंडळाच्या मासिक सभेत वाचलेलं भाषण)



या खेपेला मी बोलावं असं ठरलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. माझं शिक्षण सातवीपर्यंत. भाषण सोडाच, आभार मानायची पाळी आली तरी माझ्या तळहातांना घाम सुटतो. पण आपल्या चिटणीसबाईंनी पिच्छा सोडला नाही. म्हणाल्या, "सध्या घरात जे चाललंय तेच सांगा." आणि सध्या आमच्या घरात अमेरिका चालली आहे. हसू नका, खरंच सांगते.

झालं असं की मी पोळ्या करत होते आणि धाकटी मुलगी इतिहासाचा धडा मोठ्यानं वाचत होती. बोस्टनच्या लोकांनी १७७३ साली चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या, असं त्यात आलं. मी विचारलं, "का गं, चहा फार महाग केला होता का?" ती म्हणाली, "कर बसवला होता, म्हणून." माझं काही समाधान झालं नाही. वाचनालयातून पुस्तकं आणली, दुपारची झाकपाक झाली की घेऊन बसू लागले. आणि वाचते तर काय, चहा महाग झालाच नव्हता. उलट स्वस्त झाला होता!

आता तुम्हीच सांगा, दारात आलेला स्वस्त चहा कोणती बाई परत पाठवील? मी तर दोन पुडे जास्तच घेऊन ठेवीन. मग ही माणसं वेडी होती का? ते कोडं सुटेपर्यंत मला चैन पडेना.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा तेरा वसाहती होत्या. राजा लंडनमध्ये. मधे एवढा थोरला अटलांटिक महासागर. शिडाच्या जहाजाला पलीकडे पोचायला दीड-दोन महिने लागत. म्हणजे एक अर्ज धाडला तर उत्तर यायला तीन-चार महिने. अशा राजाचं राज्य कितीसं जाणवणार? लोक आपले आपण निभावून नेत. व्हर्जिनियात तर १६१९ पासून निवडून दिलेली सभा होती. त्या सभांतून मत फक्त मालमत्ता असलेल्या पुरुषांना, हे खरं. पण कर किती घ्यायचा, रस्ता कुठं करायचा, हे तिथल्या तिथं ठरे. सासू परगावी असली की सुनेच्या हाती आपोआप कारभार येतो, तसंच ते. दीडशे वर्षं हा कारभार चालला.

पुढे फ्रान्सशी मोठी लढाई झाली, ती १७६३ साली संपली. इंग्लंड जिंकलं, पण कर्ज जवळजवळ दुप्पट झालं. गादीवर तिसरा जॉर्ज होता, १७६० पासून. तिकडल्या मंत्र्यांनी म्हटलं, लढाई वसाहतींच्या रक्षणासाठीही झाली, तेव्हा खर्चाचा वाटा त्यांनीही उचलावा. इंग्लंडची बाजू अगदीच खोटी होती असं मला वाटत नाही. घरावर कर्ज झालं की सगळ्यांनीच हात आखडायचे असतात. पण कुणाकडून किती घ्यायचं हे ठरवलं लंडनच्या पार्लमेंटनं, आणि त्या पार्लमेंटात वसाहतींनी निवडून दिलेला एकही माणूस नव्हता.

१७६५ साली स्टँपचा कायदा आला. कोर्टाचा कागद असो, वर्तमानपत्र असो, पंचांग असो, नाही तर पत्ते आणि फासे, सगळ्यावर सरकारी शिक्का आणि त्याचे पैसे. लोक खवळले. विलायती माल घ्यायचा नाही असं व्यापाऱ्यांनी ठरवलं. पुढच्याच वर्षी कायदा मागे घेतला. मात्र त्याच दिवसांत पार्लमेंटनं दुसरा कायदा करून ठेवला, की वसाहतींना कोणत्याही बाबतीत बांधील असे कायदे करायचा हक्क आमचाच. कर गेला, पण हक्क राखून ठेवला. मला वाटतं, खरी मेख इथंच आहे.

मग १७६७ साली काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांच्यावर जकात बसली. बायकांनी सूतकताई सुरू केली, एकीच्या अंगणात चरखे घेऊन जमायच्या. चहा सोडला आणि रानातल्या पानांचे काढे प्यायला लागल्या. १७७० मध्ये बाकीची जकात उठली, चहावरची तेवढी मुद्दाम ठेवली. पैशांसाठी नव्हे, तर हक्क विसरला जाऊ नये म्हणून.

आता तो स्वस्त चहा. तो होता ईस्ट इंडिया कंपनीचा. होय, तीच कंपनी, आपल्या छातीवर बसलेली. चहा मात्र हिंदुस्थानचा नव्हे, चीनचा. कंपनी कर्जात बुडालेली, लंडनच्या वखारींत चहा पडून. तेव्हा १७७३ साली कायदा करून तिला चहा थेट वसाहतींत विकायची परवानगी दिली. इंग्लंडातला कर परत मिळणार, मधले व्यापारी गळाले, त्यामुळं चोरट्या चहापेक्षाही तो स्वस्त पडणार होता. फक्त पौंडामागे तीन पेन्सची ती जुनी जकात त्यात होती. म्हणजे स्वस्त चहा घेताना, तुमचा हक्क आम्हाला मान्य आहे, हेही गुपचूप कबूल करायचं. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री, मोहॉक इंडियनांची सोंगं घेतलेल्या माणसांनी बोस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या पाण्यात टाकल्या. ९०,००० पौंडांहून जास्त चहा!

इथं माझी एक गोष्ट सांगते, यांनाही ती कधी सांगितली नव्हती. मी सातवी पास झाले तेव्हा पुढची शाळा दुसऱ्या गावी होती. घरात मोठ्या माणसांनी बसून ठरवलं की पोरीनं आता पुरे करावं, आणि मला नवं कोरं शिवणयंत्र आणून दिलं. त्या वेळी आमच्या घरच्या मानानं ती फार मोठी वस्तू होती. त्या यंत्रावर मी आजही शिवते, त्यानं संसाराला हातभार लावला. तेव्हा माझं वाईट केलं असं मी म्हणणार नाही. शेजारणी तर म्हणत, नशीबवान आहेस. पण मला कुणी विचारलं नव्हतं. यंत्र घेतलं तेव्हा शाळा सोडल्याचं मीही मान्य केलं, असं सगळ्यांनी धरलं. एवढी वर्षं मला कळत नव्हतं की एवढी चांगली वस्तू मिळूनही त्या दिवशी मी का रडले. त्या ३४२ पेट्यांनी ते मला कळलं.

बोस्टनवर राजाचा राग झाला. १७७४ च्या जूनपासून बंदरच बंद केलं. शिवाय गावसभा वर्षातून एकदाच, जास्त हवी तर गव्हर्नरची परवानगी काढा! आपली ही मासिक सभा वर्षातून एकदाच घ्या म्हटलं तर काय होईल, विचार करा. पण एका गावाला शिक्षा केली आणि तेरा वसाहती एक झाल्या. कनेक्टिकटमधून मेंढ्या आल्या, दक्षिण कॅरोलिनातून तांदूळ आला. उत्तर कॅरोलिनात ईडेन्टन गावी ऑक्टोबर १७७४ मध्ये ५१ बायकांनी विलायती मालावरच्या बहिष्काराच्या कागदावर स्वतःच्या नावानं सह्या केल्या. लंडनमध्ये त्यांचं टवाळीचं चित्र निघालं. बायका सह्या करताहेत आणि मूल टेबलाखाली टाकून दिलंय!

एक नवल असं की इतकं होऊनही राजाला कुणी सोडत नव्हतं. मंत्री वाईट, राजा बिचारा भला, अशी समजूत. १९ एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टनला गोळ्या झडल्या, त्यानंतर जुलैतही त्यांनी राजाकडे विनवणीचा अर्ज धाडला. राजानं तो घेतलाच नाही, उलट ऑगस्टमध्ये वसाहती बंडखोर ठरवल्या. मग जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेन नावाच्या माणसानं एक छोटं पुस्तक काढलं. हा नुकताच इंग्लंडहून आलेला, मूळ धंदा बायकांच्या चोळ्या शिवण्याचा. (शिवणारी माणसं बोलायला लागली की अशी बोलतात.) त्यानं उघड विचारलं, एवढ्या मोठ्या खंडावर दूरच्या एका बेटानं राज्य का करावं? आणि मुळात राजा हवाच कशाला? ४ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला, त्यात गाऱ्हाणी थेट राजाच्या नावानं होती.

त्या वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. १७७३ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. मार्च १७७५ मध्ये राघोबादादांनी सुरतेला कंपनीच्याच इंग्रजांशी तह केला. तिकडे कंपनीचा चहा बुडवला, इकडे आपण कंपनीला घरात बोलावलं. आणि १७८१ साली यॉर्कटाउनला शरण गेलेला कॉर्नवॉलिस पुढं १७८६ मध्ये आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला.

मात्र त्या लोकांना देव्हाऱ्यात बसवायला मी तयार नाही. डोंगरापलीकडे इंडियनांची जमीन होती. तिथं वस्ती करू नका असं राजानं १७६३ मध्ये फर्मावलं, त्याचाही त्यांना राग होता. सगळी माणसं समान, असं लिहिणारा जेफरसन स्वतः गुलाम बाळगत होता. गुलामगिरी जायला १८६५ उजाडलं. आणि बायका? ॲबिगेल ॲडम्सनं ३१ मार्च १७७६ ला नवऱ्याला पत्र लिहिलं, की नवे कायदे कराल त्यात बायकांना विसरू नका. नवरा काँग्रेसमध्ये, शेतीवाडी आणि पोरं ही एकटी सांभाळत होती. त्याचं उत्तर आलं, तुझं वाचून मला हसू आलं. देशभरच्या बायकांना मताचा हक्क मिळाला १९२० मध्ये.

१७८० साली फिलाडेल्फियाच्या बायकांनी दारोदार फिरून सैनिकांसाठी वर्गणी जमवली, कागदी डॉलरांत तीन लाखांवर. त्यांच्या मनात प्रत्येक शिपायाला रोख पैसे द्यायचे होते. वॉशिंग्टनसाहेब म्हणाले, नको, सदरे द्या. पैसा यांनी जमवला, ठरवलं त्यांनी. बायकांनी तागाचं कापड आणलं, शिलाईचा खर्च नको म्हणून घरी बसून २,००० हून जास्त सदरे शिवले. आणि प्रत्येक सदऱ्यावर, ज्या बाईनं तो शिवला तिचं नाव घातलं.

मला एवढंच सांगायचं होतं. चहा तयार आहे, आज साखर जरा जास्त पडली आहे.