दोन टक्के म्हणजे किती?

डहाणू आणि तलासरीच्या गावांत मी बचत गटांतल्या बायकांना संगणकावर हिशेब मांडायला शिकवते. या प्रकाराला स्प्रेडशीट म्हणतात. कुणी एक्सेल वापरतं. आमच्याकडे फुकट मिळणारं लिबर ऑफिसचं कॅल्क आहे. दोन्हीकडे रकाने तेच. आडव्या ओळींना आकडे, उभ्या रकान्यांना इंग्रजी अक्षरं, आणि दोन्ही जिथे मिळतात त्या चौकोनाला आम्ही 'घर' म्हणतो. बी रकान्यातलं दुसरं घर म्हणजे बी-दोन.

एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात. त्यानंतर बोलणं बंद. एका संगणकावर दोघी बसतात. एकीनं वहीतले आकडे वाचायचे, दुसरीनं भरायचे, मग अदलाबदल. शिकवणाऱ्यानं माउसला हात लावायचा नाही, हा आमच्या वर्गाचा नियम. शिकवणारा घाईनं दोन कळा दाबतो, काम होऊन जातं आणि समोरची बाई नुसती मान डोलावते. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी.

ही काही माझ्या डोक्यातली कल्पना नव्हे. याच डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. खडे, शिंपले, बिया, पानं हीच त्यांची शाळेची साधनं. मुलाच्या हाताला जे रोज लागतं, त्यावरूनच गणित.

आमच्या वर्गात खड्यांच्या जागी वही आहे. पुस्तकातल्या विद्यार्थ्यांच्या गुणांची यादी कुणालाच नको असते. चिकूच्या वाडीवर गेलेल्या दिवसांची हजेरी मात्र प्रत्येकीला तोंडपाठ. एका रकान्यात दिवस, शेजारी रोज, तिसऱ्यात बरोबरचं चिन्ह देऊन दोन्हींचा गुणाकार. गुणाकाराची फुली इथे चालत नाही, तारा काढावा लागतो. मग घराच्या कोपऱ्यातला बारीक ठिपका धरून खाली ओढायचा. वीस बायकांची मजुरी एका झटक्यात उतरते, तेव्हा वर्गात हमखास हशा पिकतो.

खरं शिक्षण अडखळल्यावर होतं. एकीनं वजनाच्या रकान्यात '१२ किलो' असं लिहिलं आणि बेरीज शून्य आली. यंत्राला ते अक्षर वाटलं, आकडा नव्हे. अक्षर घराच्या डाव्या कडेला चिकटतं, आकडा उजव्या. हे मी सांगितलं असतं तर विसरल्या असत्या. त्यांनी स्वतः शोधलं, आता स्वतःच एकमेकींना ओरडून सांगतात. दुसरीनं दहा ते बारा करंड्या अशा अर्थानं मध्ये आडवी रेघ दिली, तर यंत्रानं त्याची तारीख केली.

चौथ्या-पाचव्या दिवशी आम्ही कर्जावर येतो. पाच हजार रुपये, महिना दोन टक्के, दर महिन्याला मुद्दल ५०० फेडायचं. दराचा आकडा एकाच घरात लिहायचा आणि सूत्रात त्याच्या नावाला डॉलरचं चिन्ह जोडायचं. हे चिन्ह पाहून बायका बिचकतात. मी म्हणते, हा गुरं बांधायचा खुंटा समजा. सूत्र खाली ओढलं की बाकीची घरं पुढे सरकतात, खुंट्याला बांधलेलं जागचं हलत नाही.

पहिल्या महिन्याचं व्याज १००, दुसऱ्याचं ९०, तिसऱ्याचं ८०. शेवटच्या दहाव्या महिन्याचं १०. एकूण ५५०. मग दुसरा तक्ता. तेच पाच हजार, तोच दोन टक्के दर, पण व्याज दर महिन्याला मूळ रकमेवर. दहा महिन्यांचे १०००. दर एक, आणि ४५० रुपयांचा फरक. आता खुंट्यावरच्या दोनाचे तीन करा म्हटलं, की ५५० चे तिथल्या तिथे ८२५ होतात.

अमेरिकेत डॅन ब्रिकलिन नावाच्या विद्यार्थ्याला ही कल्पना सुचली ती फळा पाहूनच. प्राध्यापकांचा एक आकडा बदलला, की पुढचे सगळे पुसावे लागत. त्यानं बॉब फ्रँक्स्टनच्या साथीनं केलेलं व्हिसिकॅल्क १९७९ मध्ये बाजारात आलं.

आमच्या भागात आकडा पुसण्याचा अधिकार फार काळ एकाच बाजूला होता. पावसाळ्यात सावकाराकडून खावटीचं धान्य घ्यायचं आणि पीक आल्यावर दीडपट, दुपटीनं फेडायचं. लग्नासाठी कर्ज काढलं, तर 'लग्नगडी' होऊन वर्षानुवर्षं राबायचं. चोपडी मालकाची, वाचणारा मालक. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात वारली माणसं एकत्र आली, ती वेठबिगारीविरुद्ध. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा लढा लिहून ठेवला आहे.

त्या काळाशी आजची तुलना मी करणार नाही, कर्ज आता कागदावर मिळतं. पण कागद वाचता यावा लागतो. दोन्ही तक्ते झाल्यावर मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, "बाई, मग माझ्या कार्डावरचं कुठलं?" दुसऱ्या दिवशी ती कार्ड घेऊन आली. पाच हजारांचं कर्ज, ६०० रुपयांचे दहा हप्ते. तिनंच तक्ता मांडला. व्याज १००० निघालं. तोपर्यंत 'दोनच टक्के' एवढंच तिच्या कानावर होतं.

वसुलीला आलेल्या माणसाला तिनं विचारलं. तो म्हणाला, कागदावर तुमची सही आहे. होतीच. उरलेले हप्ते तिनं ठरल्याप्रमाणे भरले. पुढच्या जूनमध्ये बी-खतासाठी पाच हजार लागले, ते तिनं गटातूनच घेतले आणि मुलाच्या फोनवर तक्ता करून ठेवला. चौथ्या महिन्याला गटाच्या वहीत व्याज ८० लिहिलेलं, फोनवर ७०. मागचा हप्ता मुद्दलातून वजा करायचा राहून गेला होता. बैठकीत दोन्ही आकडे शेजारी ठेवले गेले, वही दुरुस्त झाली, आणि वही लिहिणाऱ्या ताईनं पुढच्या वर्गाला स्वतःचं नाव घातलं.