बिऱ्हाड हलवताना
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी काही बोलणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आजवर या व्यासपीठाच्या मागे राहून चहा-पोह्यांची व्यवस्था पाहण्यातच माझी वर्षे गेली. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही सहा महिने अमेरिकेत राहून आलात, तर तिकडचे काही सांगा." तिकडची मोठाली दुकाने आणि गुळगुळीत रस्ते यांच्याविषयी तुम्ही पुष्कळ ऐकले असेल. मी एका बिऱ्हाडाची हकीकत सांगणार आहे. त्यात माझी स्वतःची एक मोठी चूक आहे, तीही लपवणार नाही.

आमची आई गेली तेव्हा मी तेरा वर्षांची आणि धाकटी बहीण दोन वर्षांची. मी शाळा सोडून चूल सांभाळली. धाकटी मात्र शिकली, इंजिनीयर झाली आणि लग्न होऊन अमेरिकेत गेली. तिच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी मी २०२३ च्या मार्चमध्ये तिच्याकडे गेले. टेक्सास राज्यात, डॅलस शहराच्या जवळ त्यांचे घर होते. थोरला भाचा सहा वर्षांचा. एप्रिलमध्ये धाकट्याचा जन्म झाला.

एके दिवशी धुतलेले कपडे आवरताना मी पलंगाशेजारचा खण उघडला, तो आत पिस्तूल! माझ्या हातचे कपडे गळून पडले. बहीण म्हणाली, "अगं ताई, मागच्या गल्लीत चोरी झाली होती, तेव्हा ह्यांनी घेतलं."

मग हळूहळू तिने मला तिकडची रीत समजावून सांगितली. अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ सालापासून शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिलेला आहे. नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परक्या माणसाला सहसा बंदूक ठेवता येत नाही. पण कायम राहण्याचे ग्रीन कार्ड मिळाले की ठेवता येते. आमच्या मेहुण्यांना ते मिळाले होते. त्यातून टेक्सासचा कायदा फार मोकळा. तेथे पिस्तूल विकत घ्यायला राज्याचा परवाना लागत नाही. दुकानदार तेवढी सरकारी चौकशी करून घेतो. आणि १ सप्टेंबर २०२१ पासून, कायद्याने मनाई नसलेल्या एकवीस वर्षांवरील माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल कमरेला लावून बाहेर फिरण्याचीही मुभा झाली.

मला माझे आजोळ आठवले. कोकणात आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. रानडुकरे भातशेतीची नासाडी करीत, म्हणून पीकसंरक्षणासाठी तिचा परवाना काढलेला होता. बंदूक माजघरात खुंटीवर असे, पण दारू आणि छरे वेगळ्या पेटीत कुलपात, आणि किल्ली आजोबांच्या जानव्याला. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. "पोरीसारखी तिची पाठवणी आणि माहेरपण करावं लागतं," असे आजोबा हसून म्हणत. इथे तर खणाला साधी कडीसुद्धा नव्हती.

६ मे २०२३ चा शनिवार. आमच्या घरापासून जवळच अ‍ॅलन नावाच्या गावी दुकानांच्या मोठ्या संकुलात एका माणसाने गोळीबार केला. आठ निरपराध माणसे गेली. त्यांत तीन मुले होती, आणि आपल्या हैदराबादकडची एक तरुण इंजिनीयर मुलगीही होती. पंधरा दिवसांपूर्वी आम्ही तेथूनच बाळाची झबली आणली होती. त्याच्या आदल्या वर्षी, २४ मे २०२२ ला, त्याच राज्यातील युवाल्डी गावच्या शाळेत १९ मुले आणि २ शिक्षिका अशाच मारल्या गेल्या होत्या. माझा सहा वर्षांचा भाचा मला अगदी सहज सांगे, "मावशी, शाळेत आम्ही अंधार करून गप्प लपायचं शिकतो." आपली मुले शाळेत पाढे शिकतात, आणि तो हे शिकत होता.

त्या शनिवारनंतर घरात दोन मते झाली. बहीण म्हणाली, "हे पिस्तूल घरातून काढा." मेहुणे म्हणाले, "असं घडतंय म्हणूनच ते हवं. पोलीस पोहोचेपर्यंत मी काय करू?" भगिनींनो, ते काही भांडखोर गृहस्थ नव्हेत. पहाटे उठून स्तोत्र म्हणणारे, मुलांवर जीव टाकणारे आहेत. परमुलखात बायकामुलांची काळजी त्यांना वाटे, ती खोटी नव्हती.

त्याच सुमारास त्यांना न्यू जर्सी राज्यात नवी नोकरी मिळाली, आणि घर पाहण्यासाठी ते दोन दिवस तिकडे गेले. घरात बाळंतीण, दोन लहान मुले आणि मी. थोरला सारखा बाळाला पाहायला त्या खोलीत शिरायचा. माझ्या जिवाला घोर लागला. मी काय करावे? कोणाला न विचारता ते पिस्तूल टॉवेलात गुंडाळले आणि तांदळाच्या मोठ्या डब्यात तळाशी पुरून ठेवले. आपण बायका पैसे, दागिना, सगळे तांदळात लपवतो ना? मला वाटले, मी फार शहाणपण केले.

दुसऱ्या दिवशी भात टाकायची वेळ झाली. मला तांदूळ मापून देणे हा भाच्याचा आवडता खेळ, तो मी विसरले! मी भाजी चिरत होते. मागून आवाज आला, "मावशी, तांदळात काहीतरी कडक आहे." वळून पाहते तो त्याचा हात कोपरापर्यंत डब्यात, आणि टॉवेलाचे टोक वर आलेले. मी विळी टाकून धावले आणि त्याला उचलून बाहेर आणले. माझे पाय लटपटत होते. पोर मात्र "मी काय केलं?" म्हणून रडू लागले. त्याने काहीच केले नव्हते. केले होते मी.

ते पिस्तूल कसे मोकळे करायचे हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हते. बहिणीने फोन केला. मेहुणे म्हणाले, "हात लावू नका, मुलांना घेऊन बाहेर जा, शेजारच्या आजोबांना बोलवा." ते आजोबा अमेरिकन, पूर्वी सैन्यात होते. त्यांनी ते हलकेच बाहेर काढले, गोळ्यांची पेटी ओढून वेगळी केली. मी म्हटले, सुटलो. पण त्यांनी पुन्हा वरचा भाग मागे खेचला आणि आणखी एक गोळी टपकन ओट्यावर पडली. ते म्हणाले, "पेटी काढली की रिकामं झालं असं समजून माणसं मरतात." त्यांच्याकडे स्वतःच्या चार बंदुका होत्या, पण साऱ्या लोखंडी कपाटात, कुलूपबंद. ती ओट्यावरची गोळी आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे.

मेहुणे परत आले. मी त्यांच्यापुढे उभी राहून म्हटले, "चूक माझी आहे. मला क्षमा करा." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, तुम्ही लपवलंत. मी तर उघडंच ठेवलं होतं."

पुढे बिऱ्हाड हलवायची तयारी सुरू झाली. बहिणीने न्यू जर्सीचे नियम वाचून मला मराठीत सांगितले. तिकडचा कायदा फार कडक. बंदूक घ्यायची तर पोलिसांकडे अर्ज, बोटांचे ठसे, ओळखीच्या माणसांचे दाखले, शिवाय शिक्षण घेतल्याचा पुरावा. प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळा परवाना. २०२२ च्या कायद्याने, बाहेरच्या राज्यातून राहायला येणाऱ्याने आपल्या शस्त्राची नोंद ६० दिवसांत करायची आणि ओळखपत्र काढायचे. २०१८ च्या कायद्याने गोळ्यांच्या पेटीत दहाच गोळ्यांची मर्यादा घातली. मेहुण्यांची पेटी सतरा गोळ्यांची! सोळा वर्षांखालच्या मुलाचा हात पोहोचेल अशा जागी भरलेले शस्त्र मोकळे ठेवणे हा तिकडे गुन्हा आहे. वाटेत सात-आठ राज्ये लागणार. तेवढ्या प्रवासात शस्त्र रिकामे करून, गाडीच्या डिकीत कुलूपबंद ठेवायला हवे.

मेहुणे थोडे चिडले. म्हणाले, "सरळ माणसालाच हा सगळा त्रास. चोर कुठे अर्ज करतो?" मी म्हटले, "अहो, चोराचं मला कळत नाही. पण त्या दिवशी आपल्या घरात चोर नव्हता. एक शहाणी मावशी होती आणि एक गुणी पोर होतं. हे नियम आपल्यासाठी आहेत."

ते काही बोलले नाहीत. निघण्यापूर्वी त्यांनी ते पिस्तूल परवानाधारक दुकानदाराला विकले. एक ओळखीचा माणूस जास्त पैसे देत होता, पण ते म्हणाले, "पुढे ते कोणाच्या हाती जाईल, कोण जाणे." न्यू जर्सीत गेल्यावर त्यांनी दाराला चांगले कुलूप बसवले आणि शेजाऱ्यांशी ओळख करून घेतली. तिकडे मराठी मंडळी पुष्कळ. गणपतीच्या आरतीला घर भरून गेले. म्हणून काळजी अगदी गेली असे मी म्हणणार नाही. भाच्याला तिथल्या शाळेतही लपायला शिकवतात. पण लोकसंख्येच्या मानाने पाहिले, तर २०२२ साली बंदुकीने झालेले मृत्यू, आत्महत्या धरून, न्यू जर्सीत टेक्सासच्या सुमारे एक-तृतीयांश होते. बहिणीने हा आकडा दाखवला, तेव्हा मेहुण्यांनी तो दोनदा वाचला.

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. परवान्याशिवाय बंदूक नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून परवाना असला तरी दोनपेक्षा जास्त नाहीत. म्हणून आपण निश्चिंत असतो. पण भगिनींनो, आपल्या घरात उंदराचे औषध आहे, शेतावरचे फवारणीचे विष आहे, अ‍ॅसिडची बाटली आहे. ती आपण कुठे ठेवतो? फळीवर, डब्यामागे, "मुलांना सापडत नाही" अशा जागी! मुलांना सगळे सापडते. लपवणे निराळे आणि कुलूप लावणे निराळे, हे मला सातवीत कोणी शिकवले नाही. एका तांदळाच्या डब्याने शिकवले.

आज घरी गेल्यावर प्रत्येकीने एक फळी तपासावी आणि एक कुलूप आणावे, एवढीच माझी विनंती. 

जय हिंद, जय महाराष्ट्र.